कातळ वाळलाय, मामा

आमच्या इमारतीत अशी आवई होती की मामाला उंचीची इतकी धास्ती बसलीय की तो पलंगावरसुद्धा झोपत नाही, खाली सतरंजी टाकतो. साफ थाप. मामा खाली झोपतो तो मामीच्या घोरण्यापासून लांब म्हणून. ते घोरणं मी हुबेहूब काढते, पण लिहून दाखवता येत नाही.

खरं इतकंच की घरं रंगवणारा हा माणूस परांचीवरून पडला, पाय मोडला, पाय जुळला, आणि त्यानंतर शिडीला शिवला नाही. दारं रंगवायचा, खिडक्यांच्या गजांचे खालचे तुकडे रंगवायचा. वरचं काम भागीदार करायचा आणि मामा खालून सांगायचा, "घाई नको. घाई केली की ओघळ येतो."

मग तीन मजली शाळेचं काम चालून आलं. भागीदार म्हणाला, "तू वर येणार असशील तरच घेऊ. मला एकट्याला झेपायचं नाही. सोमवारी सांग."

रविवारी उजाडताच मामानं बूट चढवले. "डोंगरावर सुळक्याखाली लोखंडी शिडी आहे. ती चढलो तर उद्या त्याला हो म्हणतो."

आईनं मला सोबत धाडलं. "आणि त्याच्या नकला करू नकोस, बिचारा आधीच घाबरलाय."

"बिचारा कोण गं ताई?" मामा जिन्यातून ओरडला.

वाटेतच पैज लागली. शिडीपाशी मागे फिरला तर मामा माझी खोली काळी रंगवून देणार. चढला तर माझ्या पुढच्या वाढदिवसापर्यंत मी त्याचा आवाज काढायचा नाही. मी मनात खोलीतले दिवे निवडायला लागले.

आधी ओढा. गोटे इतके बुळबुळीत की मी दोनदा बसले. मग दाट झाडी, मग गुडघाभर गवताचा उभा चढ. मामानं कमरेवर हात ठेवून पुढच्या टक्कल पडलेल्या उताराकडे पाहिलं. "हिरव्याचा एकच हात मारून पळालेत. खालचा थर दिसतोय." पुढे घसरडी खडी लागली. एक पाऊल वर, अर्धं खाली. मामाचा जुळलेला पाय कुरकुरत होता, पण तोंड चालू होतं, म्हणजे माणूस ठीक.

तोंड बंद पडलं ते कातळाच्या कडेला. पाऊलभर वाट, एका अंगाला उभा कातळ, दुसऱ्या अंगाला दरी. मामा निघाला तो कोपरं पोटाशी आवळून, कातळापासून वीतभर लांब, म्हणजे दरीच्या बाजूनं. जन्मभराची सवय. भिंतीजवळून जाताना अंग चोरायचं, रंग पुसेल. मध्यावर पोचला आणि थबकला. शिडी समोर दिसत होती.

मी गप्प राहिले असते तर खोली काळी झाली असती. पण तोंडाला सवय वाईट. मामा गिऱ्हाइकांना सांगतो तस्साच आवाज काढून, नाकात, शेवट लांबवून मी म्हटलं, "हात लावा बिनधास्त, कधीचा वाळलाय. कपड्याला लागला तर धुऊन देतो."

मामानं आपल्या कोपरांकडे पाहिलं. मग हसायला लागला, पोट हलेपर्यंत. हसता हसता तळहात कातळावर टेकला, तळव्याकडे बघितलं, आणि म्हणाला, "खरंच की गं."

मग कातळ धरून धरून शिडीपर्यंत गेला. शिडी दोनदा हलवून पाहिली, कामावर हलवतो तशी. "घाई नको," असं स्वतःलाच सांगत चढला. वरून हाक आली, "येतेस का, की खाली गज रंगवतेस?"

माथ्यावर वारा असा की धड उभं राहवेना. मामानं उद्याची वाट पाहिली नाही, तिथूनच भागीदाराला फोन लावला. "घे शाळेचं काम. वरची परांची माझी. ऐकू येतंय का? वरची."

उतरताना माझ्या पायात गोळे आले, त्याला गाणी सुचली.

आता घरी पाहुणे आले की मामाचा आवाज काढून दाखव म्हणतात. मामा मुद्दाम माझ्यासमोर खुर्ची ओढून बसतो आणि नाकातून, शेवट लांबवत सांगतो, "घाई केली की ओघळ येतो." मी दात आवळून बसते. वाढदिवस अजून लांब आहे आणि खोली आहे तशीच पिवळी.