धक्क्यापर्यंतचा समुद्र

एकाच कामात बावीस वर्षं हात घातला की किस्से गोळा करावे लागत नाहीत. वखारीतल्या तंबाखूच्या धुळीसारखे ते आपले आपण अंगावर बसतात. झटकले तरी घरी गेल्यावर शिंक येतेच. माझे किस्से हसण्यासारखे आहेत म्हणतात लोक. हसा. मीही आधी हसायचे.

मी निपाणीची. शाळा दुसरीपर्यंत, पुढचं माझं मी शिकले. वखारीत तंबाखू निवडायचे. वखार बंद पडली तेव्हा बेळगावातल्या एका कॉलेजच्या मॅडम चांगल्या हाताची बाई शोधत आल्या. त्यांचं संशोधन समुद्रावर तरंगणाऱ्या शेवाळावर. आता बेळगावात समुद्र कुठला? त्या रत्नागिरीला जायच्या, होडीतनं शेवाळ काढायच्या, कुजू नये म्हणून औषधात बुडवून डब्यांतनं इकडं आणायच्या. निवडायचं मी.

पहिल्या दिवशी म्हणाल्या, "आक्का, हे नीट निवडून ठेवा."

ठेवलं. वखारीत ठेवतात तसं. एकेक फांदी झाडली, तीन पाण्यांनी धुतली, लहान-मोठी वेगळी करून ओळीत मांडली. खालची घाण मोरीत.

मॅडम आल्या. "आतले बारीक किडे कुठं गेले?"

"एक ठेवला न्हाय बघा."

त्या खुर्चीवर बसल्या. "आक्का, मला किडेच पाहिजे होते. कोळंबीची पिल्लं, खेकडे, माशांची अंडी. शेवाळ म्हणजे त्यांचं तरंगतं घर."

"मग तसं सांगायचं. आमच्यात निवडताना माल ठेवतात, घाण टाकतात. घाण हाच माल, हे मला कुठल्या वखारीत शिकवलं न्हवतं."

त्यांची अख्खी खेप मोरीतनं गेली. त्यानंतर मात्र माझ्या हातनं एक किडा सुटला नाही.

*

रत्नागिरीहून डबे घेऊन येताना कर्नाटकाच्या हद्दीवर, कोगनोळीच्या नाक्यावर गाडी थांबवली. पोलिसानं एका डब्याचं झाकण उघडलं आणि तीन पावलं मागं गेला.

"काय हाय हे?"

"समुद्रातलं शेवाळ," आमचा ड्रायव्हर आप्पा म्हणाला.

"महाराष्ट्रातलं?"

मी मागनं म्हटलं, "समुद्रात तरंगत हुतं. कुणाच्या हद्दीत जन्मलं ते सांगितलं न्हाय त्यानं. आता तर मेलंय."

पोलीस हसला. "मेल्यावर तरी सुटलं म्हणा ह्या भांडणातनं."

"कुठलं सुटतंय? डब्यावर चिठ्ठी लावलीया की, कुठनं आणलं म्हणून."

*

मी रत्नागिरीला जायचे ती धक्क्यापर्यंत. होडीत मॅडम आणि शिकणारी पोरं. ती परत आली की शेवाळावर औषध घालून चिठ्ठ्या लावायच्या, हे माझं काम.

मला एकदा ते शेवाळ पाण्यावर बघायचं होतं. डब्यातलं मेलेलं लई बघितलं, वाळूत सडलेलं बघितलं. जित्तं, पोटात पोरंबाळं घेऊन तरंगत चाललेलं कधी नाही. एखाद्या कोळ्याला म्हटलं असतं तर त्यानं नेलं असतं. पण मला सहलीला जायचं नव्हतं, कामाला जायचं होतं.

होडीत जाणाऱ्यांचा एक कागद असायचा. त्यात 'शिक्षण' म्हणून रकाना. मी लिहिलं, 'दुसरी. बाकी चालू आहे.' कागद ऑफिसातनं परत आला.

"पुढच्या खेपेला बघू, आक्का," मॅडम म्हणाल्या.

त्या दिवशी पोरं ओकून ओकून पिवळी होऊन आली. एका पोरीनं माझ्या हातात डबा दिला. "आक्का, तुम्ही सुटलात."

"व्हय गं," मी म्हटलं. "दर खेपेला सुटते."

*

एकदा बाहेरगावचे मोठे साहेब आले. एका फांदीवरचे जीव त्यांनी भिंगाखाली मोजले. म्हणाले, एकोणीस. मी म्हटलं, बावीस.

"आजी, माझा जन्म गेलाय ह्यात."

"जाऊ द्या की. फुगे उलटे करून बघा."

शेवाळाला तरंगायला हरभऱ्याएवढे फुगे असतात. त्यांच्या देठाशी काचेसारखी तीन पिल्लं चिकटून बसलेली. साहेबांनी बघितलं. चष्मा पुसला. परत बघितलं.

मग त्यांनी मॅडमना विचारलं, "ह्यांचं शिक्षण किती?"

मी तिथंच उभी होते. मला तोंड होतं.

*

बेळगावाजवळ कंग्राळीत मी राहते, तिथं माझ्या शेजारी शेवंता राहते. जन्मात घाट उतरलेली नाही. एकदा भाकऱ्या थापता थापता म्हणाली, "आक्का, एवढी वर्षं समुद्राचं काम करतीस. आत गेल्यावर कसा असतोय गं?"

मी सांगितलं. पाणी हिरवं असतंय, होडी पाळण्यागत हलतीया, शेवाळ लांबनं सोनेरी दिसतंय. पोरांच्या तोंडून ऐकलेलं सगळं सांगितलं.

"नशीबवान हाईस बाई," शेवंता म्हणाली.

मी आयुष्यात कुणाला भ्याले नाही. खोटं बोलायची वेळ कधी आली नव्हती. त्या दिवशी आली.

*

मॅडम निवृत्त झाल्या. जाताना नव्या सरांना सांगून गेल्या, आक्कांना एकदा होडीत न्या. सर माणूस वाईट नव्हे. त्यांनी लगेच कागद काढला. वाचला. मान हलवली.

"आक्का, साठीच्या वर होडीत विमा मिळत नाही."

"म्हणजे आजवर शिक्षण कमी पडलं आणि आता वय जास्त झालं. मधी एखादा दिवस बरोबर हुता का, सर? तेवढं बघून सांगा."

सरांनी कागद घडी करून खिशात घातला.

पुढच्या खेपेला होडी गेली. मी धक्क्यावर. दुपारी परत आली, पोरांनी भरलेला मोठा डबा माझ्यापुढं ठेवला आणि ती चहाला गेली. सकाळपासूनचं सगळं शेवाळ त्या एका डब्यात. अजून औषध घातलेलं नव्हतं. पिंगट-सोनेरी, आत बारीक चुळबुळ चाललेली.

औषधाची बाटली बाजूला ठेवली. डबा दोन्ही हातांनी उचलून धक्क्याच्या टोकाला नेला आणि अख्खा समुद्रात उपडा केला.

आधी सगळं खाली गेलं. मग एकेक फांदी वर आली. फुगे वर, पानं पसरलेली. नखाएवढा एक खेकडा एका फांदीवरनं दुसरीवर गेला.

सर पळत आले. मागं पोरं. "आक्का! अहो, काय केलंत हे? दिवसभराचं काम—"

मी वळले नाही.

"गप रं जरा," मी म्हटलं. "बघू दे."