जनाकाकीचा नवस आणि सुनेचं पित्ताशय

“डॉक्टरीणबाय, देव कोपलो आसा,” केबिनमध्ये शिरता शिरताच जनाकाकी म्हणाली. मागून तिची सून रेश्मा आली. पहिलटकरीण, पाचवा महिना. चेहरा पांढराफटक, हात उजव्या बरगडीखाली दाबलेला.

“देवाचं मागाहून बघू. आधी तिला बसू दे,” मी म्हटलं.

ही २००३-०४ची गोष्ट. मालवणात माझं लहानसं मॅटर्निटी होम होतं. मी मूळची घाटावरची, पण इतकी वर्षं इथे काढल्यावर मासळी बऱ्यापैकी ओळखू लागले होते. ती मला शिकवली जनाकाकीनेच. बाजारात तिची जागा ठरलेली आणि आवाज असा की गिऱ्हाईक घासाघीस करायचं विसरायचं.

“सोमवार इलो काय हिच्या पोटात कळ इलीच,” ती सांगू लागली. “दुपारी जेवली काय तासाभरात लोळाक लागता. ओकता. बाकीचे दिवस कायएक नाय. शंकराचा कायतरी ऱ्हवला आसा आमच्याकडसून.”

सोनोग्राफी केली. बाळ मजेत लाथा मारत होतं. रेश्माच्या पित्ताशयात मात्र खडे होते. पित्ताशय म्हणजे लिव्हरखालची छोटी पिशवी. आपण तेलकट खाल्लं की ती आवळते आणि आतलं पित्त आतड्यात सोडते. गरोदरपणात ही पिशवी सुस्तावते, पित्त घट्ट होतं, खडे धरतात. मग पिशवी आवळली की एखादा खडा तोंडाशी अडकतो आणि बाई गडाबडा लोळते.

“तेल, तूप, खोबरं बंद. जेवण हलकं,” मी सांगितलं.

“हलक्या म्हणजे शिवराकच ना? मगे काळजी नको. सोमवारबरोबर बेस्तरवार आणि शनवारसुद्धा शिवराक करतंय. बाळंत होयसर. आजच कुणकेश्वराक बोलतंय!”

कुणकेश्वर म्हणजे तिथला शंकर आणि शिवराक म्हणजे शाकाहारी. मला वाटलं, बरंच झालं. आमच्या घाटावर शाकाहारी म्हणजे भाकरी आणि पालेभाजी.

पंधरा दिवसांनी दोघी परत हजर. आता कळ सोमवारी येत होती, गुरुवारी येत होती आणि शनिवारीसुद्धा येत होती!

मी कुडाळच्या आमच्या सर्जनना फोन लावला. ते कमी बोलणारे.

“ताप? कावीळ?”

“नाही.”

“आणखी एक आठवडा बघा. पुन्हा कळ आली तर गोव्याला पाठवा, दुर्बिणीनं पित्ताशय काढून टाकतील. उशीर नको. पोट वाढलं की गर्भाशय मध्ये येतं.”

रेश्माने सगळं ऐकलं होतं. दोन्ही हात पोटावर ठेवून म्हणाली, “माका सुरी नको, बाय. माझ्या बाळाक कायतरी झाला तर?” आणि रडायलाच लागली. अशी ऑपरेशनं नीट होतात, हे मी तिला सांगितलं. पण सांगताना मलाही धाकधूक होतीच. खोटं कशाला बोलू?

जनाकाकीला मी औषध आणायच्या निमित्ताने बाहेर पिटाळलं आणि सुनेला विचारलं, “काल शनिवार. काय जेवलीस?”

“शिवराक.”

“अगं, पण शिवराक म्हणजे काय काय?”

“वडे. काळ्या वाटाण्याचा सांबारा, वाटप घालून. सोलकढी. खीर.”

मी कपाळाला हात लावला. मालवणी वडे म्हणजे टम्म फुगलेले, तेलात तळलेले. सांबाऱ्यात खोबऱ्याचं वाटप, सोलकढीत नारळाचा रस, खिरीतही नारळाचा रस!

“आणि मंगळवारी?”

“मुडदुशेचा तिखला आणि भात. आये बाजारातसून दमान येता, तेवां वाटप कोण वाटतला? शिवराकाक मात्र ती लवकर घराक येता. देवाचा म्हटल्यावर हयगय नाय.”

म्हणजे माशाच्या दिवशी मिरची, कोकम घातलेला मुडदुशा, पचायला हलका साधा मासा. इथे आजाऱ्यालाही तोच देतात. आणि देवाच्या दिवशी तेला-नारळाची मेजवानी. नवस वाढला तशी कळ वाढली.

जनाकाकी आत आली. “काकी, देव कोपलेला नाही. तुमचे वडे कोपलेत.”

सगळं समजावलं. सोमवारी पेज आणि मुगाची आमटी; पण तीन-तीन दिवस नुसत्या पेजेवर बाळ कसं पोसणार, म्हणून बाकीचे दिवस साधा मासा, नारळ घरात आणायचाच नाही. ऑपरेशन टाळायचं तर हाच एक मार्ग. तिने ऐकून घेतलं आणि मान हलवली.

“नारळाशिवाय जेवाण एक वेळ करीन. पण मी देवाक बोललंय. सुनेन नवसाच्या वारी माशे खाल्ल्यान तर?”

मी चिडलेच. “काकी, नवस बोललं कोण? तुम्ही. आणि पाळायचा हिने? हा कुठला न्याय?”

जनाकाकी बाकावर टेकली. मग हळूच म्हणाली, “ता मात्र खरा.”

दुसऱ्या दिवशी एसटीने ती कुणकेश्वरला गेली आणि देवापुढे नवं गाऱ्हाणं घातलं. परत येऊन मला रिपोर्ट दिला, “सांगलंय देवाक. सून तिका पचात ता खायत, तिचो शिवराक माज्या वाट्याक. तीन वार कित्याक, सगळेच वार.”

दिवसभर सुरमई-पापलेट विकणारी बाई. रोज मासा खाल्ल्याशिवाय जिला झोप येत नसे, तिने बाळंतपणापर्यंत मासा सोडला. मी मनातल्या मनात हात जोडले. देवाला नव्हे, तिला.

तो आठवडा मी फोन वाजला की दचकायची. कळ आली नाही. पुढच्या आठवड्यातही नाही. गोव्याची वारी टळली. दिवस भरले आणि रेश्मा सुखरूप बाळंत झाली. मुलगी, आवाज थेट आजीचा.

बाराव्या दिवसानंतर जनाकाकी एकटीच आली. केबिनच्या बाकावर बसली आणि उजव्या बरगडीखाली हात दाबला.

“काकी, कधीपासून?”

“झाले तीन महिने. जेवलंय काय कळ येता.”

“जेवत होतात काय?”

“शिवराक. वडे, सांबारा, सोलकढी. सुनेक नको तर माका तरी करूया म्हटला.”

सोनोग्राफी केली. सुनेच्या दुप्पट खडे! खडे वड्यांनी झाले नव्हते, ते जुनेच असणार. वड्यांनी फक्त त्यांना जागं केलं.

“अहो, मग बोलला का नाहीत? दर महिन्याला सुनेला घेऊन येत होतात ना?”

“तुमका सांगलंय असता तर तुमी माका माशे खाऊक लावल्यात असता. नवस मोडलो असतो. माज्या नातीचो जीव मोठो काय माजा पोट मोठा?”

मी तिला भरपूर झापलं. झापताना डोळे भरून आले, ते तिला दिसू नयेत म्हणून आणखी झापलं.

दोन महिन्यांनी सासूसुनेचं ऑपरेशन एकाच दिवशी झालं. शेजारशेजारच्या खाटा, मधल्या झोळीत नात. कुडाळचे सर्जन फोनवर पहिल्यांदाच हसलेले ऐकले.

तेव्हापासून पोटात दुखणारी गरोदर बाई आली की मी घरात कोणी नवस बोललंय का, ते आधी विचारते. आणि तो पाळणारी जी कोणी असेल, तिलाही सोनोग्राफीला झोपवते.