मनुक्यांचा रस

आजोबा चर्चचे पाळक. निवृत्त झाल्यावर ते पाळकाचा बंगला सोडून आजीसह आमच्या सावेडीच्या घरी आले. दर काही वर्षांनी बदली, त्यामुळे त्यांचं स्वतःचं घर कधी नव्हतंच. मंडळीच्या कामात आजीसाठी करायचं राहून गेलेलं सगळं ते आता करत होते. सकाळचा तिचा चहा, तिची नखं कापणं, आणि तिचे हात वर जाईनात तेव्हापासून तिची वेणीसुद्धा. वेणी वाकडी व्हायची.

"उपदेश बरा करता तुमी. वेणीचं न्हाई जमत," आजी म्हणायची, पण डोकं जराही हलवायची नाही.

मी तेव्हा कॉलेजात होते. सगळं शिक्षण इंग्रजीतून झाल्यामुळे घरच्या प्रार्थनेत माझी मराठी अडखळायची, म्हणून मी नुसते ओठ हलवायचे. आजोबांच्या ते लक्षात आलं असणार. त्यांनी मला प्रार्थना करायला कधीच सांगितलं नाही.

आमच्या मेथडिस्ट मंडळीत प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि प्याला घेण्याच्या विधीला, दारू चालत नाही, मनुक्यांचा रस असतो. तो पाळकाच्या घरी होतो, म्हणजे त्याची बायको करते. आजी काळे मनुके भिजत घालून, उकळून, मलमलच्या फडक्यातून पिळून काढायची. नव्या पाळकबाईंचा रस तिला पसंत नव्हता.

"पाण्याला मनुका नुस्ता दाखवलाय," ती चर्चमधून परतताना रिक्षात म्हणायची. आजोबा रिक्षावाल्याच्या पाठीकडे बघत म्हणायचे, "अगं, हळू."

मग आजीच्या छातीत पाणी झालं. दवाखान्यातून घरी न्यायला सांगितलं, तेव्हा काय ते सगळ्यांनाच कळलं. तिने पपांना मनुके आणायला लावले आणि पलंगावरून मम्मीला सांगत सांगत रस करून घेतला. पेला झाकून फ्रीजमध्ये ठेवला.

"मला ह्यांच्या हातून प्रभुभोजन घ्यायचंय," ती म्हणाली. मग आजोबांकडे वळली. "जन्मभर रांगेत घेतलं. माझ्यापाशी आलात की तुमची नजर पुढच्या माणसावर. एकदा मला बघून द्या."

आजोबांनी खुंटीवरची टोपी काढली. त्यांच्या पहिल्याच गावात आधीचे निवृत्त पाळक घरोघर जाऊन प्रभुभोजन देत राहिले होते. मंडळीचे दोन तुकडे झाले. सख्खे भाऊ एकमेकांच्या मातीला येईनात. चार्ज, म्हणजे मंडळीची जबाबदारी, सोडला की नव्या पाळकाला विचारल्याशिवाय प्याल्याला हात लावायचा नाही, हे त्यांनी तेव्हाच ठरवलं होतं.

"मी विचारून येतो," ते म्हणाले.

त्यांना नीट दिसत नसे, म्हणून मी बरोबर गेले. ज्या बंगल्यात ते राहिले होते, त्याच्या दारात त्यांनी बेल वाजवली आणि दोन पावलं मागे सरकून उभे राहिले. पाळकबाई बाहेर आल्या.

"सलाम, आजोबा! ते कर्जतकडच्या गावांत गेलेत. शनिवारी येतील."

आजोबांनी काम सांगितलं.

"अहो, मग द्या ना तुम्ही! तुम्हाला कोण नाही म्हणणार?"

"कोणी नाही म्हणणार नाही, बाई. म्हणूनच विचारायला हवं."

परतताना रिक्षात ते हातातली टोपी फिरवत होते.  

आजीने ऐकून घेतलं. "लोकांच्या घरी भाकर मोडायला सायकलीवर जायचात. आन् माझ्या घरी चार्ज आडवा आला व्हय?"

"शनिवारी ते आले की लगेच. दोनच दिवस, गं."

"मग सांगा तुमच्या देवाला, शनिवारपतुर थांब म्हनावं."

 शुक्रवारी सकाळी आजोबांनी तिची वेणी घातली. दुपारी चहाच्या वेळी ती गेली. आजोबा तिचे पाय चोळत होते, आणि ती गेल्यावरही बराच वेळ चोळत राहिले. पपांनी त्यांचे हात धरून बाजूला केले.

शनिवारी नवे पाळक एसटीतून उतरून थेट आमच्याकडे आले. दारातच रडवेले झाले. "पाळकसाहेब, माझी परवानगी कसली घ्यायची? तुम्हीच द्यायचं होतं."

आजोबांनी मान हलवली. "हो," एवढंच म्हणाले. मला वाटतं, नव्या पाळकांनी रागावून नाही म्हटलं असतं तर आजोबांना ते सोसलं असतं.

माती झाल्यावर मम्मीने फ्रीज उघडला आणि तो पेला हातात घेऊन उभी राहिली. "ह्याचं काय करू?" तिने आजोबांना विचारलं.

"त्यावर प्रार्थना झालेली नाही. नुसतं मनुक्यांचं पाणी आहे ते. ओतून दे."

ती ओतेना. शेवटी मी ओतला. मोरी बराच वेळ जांभळी दिसत राहिली.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाला सगळे उठले. आजोबा बाकावरच बसून राहिले. मीही बसले, तर कोपराने ढोसून हळूच म्हणाले, "तू जा." मी गेले आणि परत आले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"पातळच होता ना?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हणाले.

ते जिवंत होते तोवर दर पहिल्या रविवारी त्यांनी हेच विचारलं. प्रभुभोजन घ्यायला मात्र ते पुन्हा कधीच उठले नाहीत.