शेवटच्या घरापासून

म्हसवडच्या स्टँडवर सांगलीची एसटी लागली, तेव्हा आमच्या आबांनी, म्हणजे वडिलांनी, पुन्हा तेच काढलं. "मास्तर हो, तलाठी हो. ह्ये समाजशास्त्र काय रं? समाज बघाया कॉलेजात कशाला जायाचं? गावानं काय कमी दावला व्हय?" मी म्हणालो, दाखवला तोच आता शिकून मांडायचाय. माझी ट्रंक मात्र आबांनीच टपावर चढवली.

गावात राहिलेल्यांनो आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनो, तुम्ही अजून विचारता, या विषयानं पोट भरलं का? भरलं. पण एकदा तो हातचा जाणारच होता.

सांगलीला हॉस्टेल, मेस, डोक्यावर पंखा, सगळंच नवं होतं. दुसऱ्या वर्षी समाजशास्त्राच्या सरांनी वर्गाच्या फील्डवर्कला नेमकं आमचंच गाव निवडलं. गावची रीत अशी, की पाहुण्यांनी पाटलांच्या सोप्यात बसून चहा घ्यायचा आणि अख्ख्या गावाची माहिती पाटलांनी द्यायची. आमच्या बौद्ध वस्तीचीही त्यांनीच दिली, तीही जुन्या जातीचं नाव घेऊन. म्हणे सगळे सुखात आहेत. वर्गातली पोरं निमूट लिहून घेत होती. माझं डोकं तापलं. मी उठून म्हणालो, सर, वस्ती पलीकडंच आहे, त्यांनाच विचारू. सर चिडले. शास्त्राला अलिप्तपणा लागतो, तुझ्यात नुसता राग आहे, तू हा विषय सोड, असं सर्वांदेखत सुनावलं. मी वस्तीकडं चालू लागलो. नाइलाजानं सगळे मागं आले.

गावाचं शेवटचं घर आमचं. आई दारात जोंधळे पाखडत होती. सर तिला म्हणाले, माहिती पाटलांनी दिलीय, फक्त खात्री करायचीय. आईनं सूप खाली ठेवलं.

"आवं सर, आमचं आमी सांगतो. आमाला तोंड हाय. पयलं लिवा, बौद्ध."

सरांनी आधीचं खोडलं आणि आई सांगेल तसं लिहिलं. मी विषय सोडला नाही. राग तर मुळीच सोडला नाही.

आज दिल्लीत हाच विषय शिकवतो. गावाच्या आठवणीनं गळा काढणाऱ्यांतला मी नाही. ज्या गावानं आम्हाला टोकाला ठेवलं, त्याच्यासाठी का रडू? आईच्या त्या दारासाठी मात्र जीव तुटतो. फील्डवर्कला निघालेल्या मुलांना माझी एकच अट असते, सुरुवात शेवटच्या घरापासून करायची. आणि कुणी माझ्या घराचा पत्ता विचारला, तर सांगतो, पाटलांच्या सोप्याकडनं येऊ नका, वस्तीच्या बाजूनं गावात शिरा. पहिलंच घर आमचं.