मिठागरावरच्या पाठी

पेणच्या मूर्तींच्या कारखान्यात एवढी वर्षं काढून गिरजाबाईने गणपतीचं तोंड कधी रंगवलं नाही. तिच्याकडे पितांबर. पिवळा रंग द्यायचा, काठ ओढायचा, मूर्ती पुढे सरकवायची. डोळे आखणारे कारागीर वेगळे, त्यांचा मानही वेगळा. तिला त्याचं काही वाटत नसे. मिठागर बंद पडलं, डोक्यावरची पाटी सुटली आणि हातात ब्रश आला, यातच ती खूश होती.

पुढे गुडघे कुरकुरू लागले, कारखाना सुटला. हात मात्र स्वस्थ बसेनात. मालकाने दिलेले उरलेसुरले रंग घेऊन ती घरातल्या प्लायवूडच्या तुकड्यांवर चित्रं काढू लागली. काय काढायचं? तर मिठागर. बांधावरून ओळीने निघालेल्या बाया, डोक्यावर मिठाने भरलेल्या पाट्या, आणि सगळ्या पाठमोऱ्या.

रोह्याच्या दत्तात्रेय गुरुजींनी निवृत्तीनंतर शेजारच्या अष्टमी गावात एका दुकानावरच्या दोन खोल्यांत छोटं कलादालन थाटलं होतं. कारखान्याच्या मालकाने त्यांना गिरजाबाईच्या घरी आणलं. गुरुजी बराच वेळ चित्रांपुढे बसून राहिले.

"गिरजाबाई, ही आमच्या भिंतीवर लावूया."

"लोक हसतील, गुरुजी."

"हसू देत की. हसायला तरी जिना चढून येतील!"

प्रदर्शनात कंपनीत शिफ्ट करणाऱ्या मोतीरामचे नटबोल्टचे बगळे होते, एका मुलीने रंगवलेली कुंडलिका नदी होती, आणि मधल्या भिंतीवर गिरजाबाईचं मिठागर. पहिल्याच दिवशी तिचं गाव टेम्पो भरून आलं आणि त्या शांत खोल्यांत बाजार भरला.

"ही काशी! बघा, चालताना पाय कसा फेकते."

"आन् ही आपली सीताआत्या. एवढी ताठ मान दुसऱ्या कुणाची हाय?"

गिरजाबाई कोपऱ्यात पदर तोंडाला लावून हसत होती. तेवढ्यात जिन्यावरून सगुणा आली आणि तिचं हसू विरलं.

सगुणा तिची मिठागरावरची जोडीदारीण. एका डब्यातली भाकरी खाल्लेली. पण कारखान्यात एकाच बाईची जागा होती, गिरजाबाई एकटीच लागली, आणि सगुणाने बोलणं टाकलं ते टाकलंच. विहिरीवर गाठ पडली तरी मान वळवायची.

सगुणाने एकेक चित्र निरखलं. पुन्हा पहिल्यापासून निरखलं. मग वळली. तिचे डोळे भरले होते.

"साऱ्या हायत. माझीच पाठ तेवढी नाय. इतकी नकोशी झाले गो मी?"

गिरजाबाई गुडघ्यावर हात टेकत उठली.

"सगुणे, मी तुझी पाठ बघितली कधी? तू रोज माझ्या मागं चालायचीस. माझा पाय घसरला की मागून पाटी धरायचीस. बांधावरनं मला जेवढं दिसलं, तेवढंच मी काढलं."

सगुणा नाक पुसत म्हणाली, "व्हय. मागंच असायची मी."

"कारखान्यात तुला न्यायला पायजे होतं. मालकाला दोनदा इचारलं मी. तुला सांगणार कशी? तू थांबत होतीस कुठं?"

"थांबले असते तर रडले असते," सगुणा म्हणाली आणि तिथेच बाकावर बसली. गिरजाबाई तिला खेटून बसली. गुरुजींनी दोघींना चहा मागवला.

त्या पावसाळ्यात सगुणा रोज दुपारी गिरजाबाईच्या ओटीवर येऊन बसू लागली. पुढ्यात कोरी फळी, आणि हुकूम सगुणाचे.

"डावा खांदा खाली घे."

"माझा खांदा कधी वाकडा नव्हता गो."

"तुला काय ठावं? मागं मी होते. पोलकं पाठीवर उसवलेलं दाखव. आन् मान जरा पुढं, कायम घाईत असायचीस."

गिरजाबाई कुरकुरायची आणि सगुणा सांगेल तसं काढायची. चित्र पुरं झालं तेव्हा ती स्वतःच्या पाठीकडे बघत राहिली. एवढी बारीक होती ती तेव्हा?

पुढच्या प्रदर्शनात ते चित्र लागलं. गुरुजींनी खाली दोघींची नावं लिहिली. मुंबईहून आलेल्या एका बाईंनी सगुणाला विचारलं, "तुम्हीही चित्रकार का?"

"व्हय," सगुणा म्हणाली. "हात तिचा, डोळे माझे."