उनाइसीची पावडरबंदी

पडदा वर गेला आहे, असं समजा. बेटाबेटांवरून आलेल्या माणसांच्या मांगेरे गावातला आमचा नेहमीचा हॉल. ऑक्टोबरातला शनिवार, वार्षिक कार्यक्रमाचा दिवस, दुपारचे तीन. लाकडी जमिनीवर बास्केटबॉलच्या पिवळ्या रेघा, रेघांवर दूर समुद्रातल्या कंदावू बेटावरून आलेल्या चटया आणि चटयांवर मांडी घालून बसलेली गाणारी मंडळी. त्यांच्या मधोमध वाइसाके, वय एक्याऐंशी, डोळे उघडे पण दिसत काही नाही. डावीकडच्या दारात सोळा नाचणाऱ्या मुली, अंगाला खोबरेल तेल, गळ्यात फुलांचे हार. उजवीकडच्या दारात कपडे धुवायची मोठी प्लास्टिकची टोपली घेऊन उभी असलेली एक बाई. आणि वर छताला, बरोब्बर मध्यभागी, भाकरीएवढी पांढरी चकती. तिच्यात तांबडा दिवा लुकलुकतो आहे. या खेळातला खलनायक तोच.

टोपलीवाली बाई म्हणजे उनाइसी. दिव्यांची बटणं माझ्याकडे असल्यामुळे मला कोपऱ्यातून सगळं दिसत होतं. म्हातारा नाटकवाला आहे, त्याला काहीतरी काम द्या, म्हणून फार वर्षांपूर्वी तिनेच ती बटणं मला दिली होती.

उनाइसी सव्विसाव्या वर्षी कंदावू सोडून इथे आली. आता अठ्ठावन्नची आहे. वृद्धाश्रमाच्या धुलाईघरात दिवसाला चारशे चादरींच्या घड्या घालते आणि संध्याकाळी चर्चच्या मागच्या खोलीत पोरींना मेके शिकवते. मेके म्हणजे नाच, गाणं आणि इतिहास, तिन्ही एकदम. गाणारे बसून गातात, नाचणारे त्या शब्दांवर हात, मान, डोळे चालवतात. एक बोट चुकलं तर उनाइसीला ते पाठमोरी असतानाही कळतं. सगळे तिला ‘नेई’ म्हणतात. आपल्याकडे मावशी म्हणतात, तसं. सगळे तिला भितातही.

एकच माणूस तिला भीत नव्हता, तो तिचा नवरा एरोनी. शीतगोदामात काम करायचा. अंगाने दांडगा, नाचात शून्य. पण मेके सुरू झालं की प्रेक्षकांतून सगळ्यांत आधी उठायचा तो, हातात टाल्कम पावडरचा डबा घेऊन.

मी जन्मभर नाटकांत कामं केली. पडद्यामागे रंगवाला तोंडाला पावडर फासायचा आणि प्रेक्षकांना ती कळू नये अशी आमची धडपड असायची. इथे उलटं. इथे नाच आवडला की प्रेक्षक स्वतः उठून येतात आणि नाचणाऱ्याच्या मानेवर, खांद्यावर, केसांत मूठमूठ पावडर टाकतात. तेलकट अंगावर ती बसते, उरलेली हवेत जाते. ज्याच्या अंगावर जास्त पांढरं, त्याचं जास्त कौतुक. टाळी नाही, शिट्टी नाही, पावडर. आमच्या काळी कुणी माझ्या डोक्यावर डबा रिकामा केला असता, तर मी दौरे सोडून घरी बसलो नसतो.

एरोनी कुणाच्याही पोरीला पावडर लावायचा. जी सगळ्यांत वाईट नाचते, तिला जास्त. उनाइसी ओरडायची, “अरे, ती चुकतेय!”

“म्हणून तर,” तो म्हणायचा. “बरोबर नाचणारीला आधाराची काय गरज?”

सहा वर्षांपूर्वी तो गेला. गोदामातून आला, बूट काढायला बसला आणि उठला नाही.

त्याच्या पुढच्या वर्षी वाइसाकेने हे मेके रचलं. वाइसाके उनाइसीच्या आईचा भाऊ, तिचा मोमो. सहा कडवी. पाच कडव्यांत बेट सुटतं, वादळ येतं, बोट येते, हे थंड गाव येतं. सहाव्यात इथल्या मातीत निजलेल्या आपल्या माणसांची नावं येतात, आणि शेवटचं नाव एरोनीचं. पोरींना नाच बसवायला वर्ष दोन वर्षं गेली, आणि उनाइसीला एवढंच हवं होतं, की ते नाव एकदा सगळ्या माणसांसमोर घेतलं जावं. त्याचं थडगं आहे, त्यावर दगड आहे, दगडावर अक्षरं आहेत. पण तिच्या माणसांत, मेकेत नाव आलं तरच ते खरं.

तीन वर्षं ते नाव आलं नाही.

पहिल्या वर्षी तिसऱ्या कडव्याला नाचणाऱ्या एका पोरीच्या सासूने अख्खा डबा सुनेवर उपडा केला. ढग वर गेला, चकतीला वाटलं धूर, आणि भोंगा असा काही बोंबलला की लहान पोरं रडायला लागली. नियमाप्रमाणे सगळे बाहेर. तेल लावलेल्या मुली गारठ्यात उभ्या. आगीचा बंब आला. आग कुठे आहे विचारलं. आग नव्हती. हॉलची वेळ संपली.

दुसऱ्या वर्षी उनाइसीने जाहीर केलं, पावडर फक्त शेवटच्या कडव्यानंतर. सगळे हो म्हणाले. चौथ्या कडव्याला बंब आला. त्या बंबावर त्यांच्याच मुलखातला, लाऊ बेटाकडचा एक पोरगा होता. त्याला बघून बायकांना एवढा आनंद झाला की त्याच्या शिरस्त्राणावरही त्यांनी पावडर टाकली.

तिसऱ्या वर्षी हॉलची सगळी दारंखिडक्या उघडी ठेवली, म्हणजे धुरळा बाहेर जाईल. आमचा इथला वारा! त्याने पावडर खालून उचलली आणि नेमकी वर नेऊन चकतीत भरली. पाचवं कडवं, दुसरी ओळ. सहाव्याला सहा ओळी उरल्या होत्या. त्या दिवशी उनाइसी गवतावर बसून राहिली. 

हॉलचा राखणदार सेमिसी शेजारच्या टोंगा बेटांचा. कमरेला पंचवीस किल्ल्या. ती त्याच्याकडे गेली.

“सेमिसी, त्या चकतीला दोन तास पिशवी बांध.”

“आणि खरंच आग लागली तर?”

“तीनशे माणसं बघत असताना आग लपून लागणार आहे का?”

“माझी नोकरी जाईल, नेई. वरून चिठ्ठी आलीय. पुन्हा खोटा बंब आला तर तुमच्या मंडळींना हा हॉल बंद.” मग त्याला दया आली. “आमच्यासारखं करा ना. आम्ही नाचणारीच्या अंगाला नोटा चिकटवतो. नोटांचा धुरळा उडत नाही.”

“नोटा असत्या,” उनाइसी म्हणाली, “तर पावडर कशाला आणली असती?”

आणि यंदा तर वाइसाकेचं हे शेवटचं वर्ष होतं. उरलेली नजर गेली होती आणि डिसेंबरात लेक त्याला कंदावूला परत नेणार होता. त्याच्याशिवाय ते मेके पुढे होऊन गाऊ शकणारं दुसरं कुणी नव्हतं.

म्हणून पावडरबंदी. रविवारी चर्च सुटल्यावर तिने दारातच सांगितलं. यंदा एकही डबा नाही, एक चिमूटही नाही. केवढा गिल्ला झाला!

“मग आम्ही करायचं काय? गोऱ्यांसारख्या टाळ्या वाजवायच्या?”

“वाजवा.”

“माझी नात पहिल्यांदा नाचतेय, नेई. कोरडी नाचू दे?”

“कोरडी नाचू दे. पण शेवटपर्यंत नाचू दे.”

कुणाला तिचा राग आला, कुणाला तिची कीव आली. पण शनिवारी ती टोपली घेऊन दारात उभी राहिली आणि एकेकाची झडती घेतली. बायकांच्या पर्समधून डबे निघाले. पुरुषांच्या सुलूच्या, म्हणजे त्यांच्या लुंगीच्या, खिशांतून निघाले. एकीच्या तान्ह्याच्या दुपट्यातून निघाला. सगळ्यांत शेवटी पाद्रीबुवा, म्हणजे इथले तलातला, आले, हातात बायबल, चेहऱ्यावर शांती.

“तलातला, खिसा.”

“पोरी, मी देवाचा माणूस.”

“देवाचा खिसा फुगलाय.”

त्यांनी डबा काढला. “हा पायांच्या खाजेसाठी आहे.”

“घरून लावून यायचं,” असं म्हणून तिने तोही टोपलीत टाकला. मी मोजले नाहीत, पण टोपली शिगोशीग भरली होती आणि तिला उचलायला दोन माणसं लागली.

मी दिवे मंद केले. वाइसाकेने मान उचलली, खर्जातला पहिला सूर लावला आणि गाणाऱ्यांनी बांबूच्या नळ्या जमिनीवर आपटल्या.

खोटं कशाला सांगू? असं मेके मी पाहिलं नव्हतं. सोळा जणींचे बत्तीस हात एका माणसाचे वाटत होते. तिसरं कडवं गेलं. चौथं गेलं. प्रेक्षकांत माणसं उठायची, हात खिशाकडे जायचा, आठवायचं, आणि खाली बसायची. एक आजी तीनदा उठली आणि तीनदा बसली. पाचवं गेलं. उनाइसी भिंतीला टेकून वरच्या तांबड्या दिव्याकडे बघत होती, आता भुंकेल की मग भुंकेल अशा नजरेने. नाचाकडे तिचं लक्षच नव्हतं.

सहावं सुरू झालं. एकेक नाव आलं. शेवटच्या ओळीत एरोनीचं नाव आलं. मुलींनी तळवे उलटे केले, मान खाली घातली. संपलं.

टाळ्या झाल्या. आमच्या नाटकाच्या पडत्या काळात विंगेतून मी तशाच टाळ्या ऐकत असे. सभ्य, पातळ, लवकर विझणाऱ्या. मुली तेलाने चकचकीत, काळ्याभोर, स्वच्छ उभ्या होत्या आणि एकमेकींकडे बघत होत्या. त्यातली सगळ्यांत धाकटी रडायला लागली. “नेई, आम्ही चुकलो का?”

 उनाइसी वाइसाकेजवळ जाऊन गुडघ्यांवर बसली. म्हातारा नाक वर करून हवेत काहीतरी शोधत होता.

“झालं, मोमो. पूर्ण झालं.”

“लोक होते का?”

“तीनशे होते.”

“मला वाटलं घरी गेले. वासच नाही आला.” त्याने पुन्हा हवा हुंगली. “मला दिसत नाही ना आता. मी वासावर गातो. पहिल्या कडव्याला पावडरीचा वास आला की कळतं, चाललंय बरं. आज कशाचाच नाही. म्हटलं, चाल बिघडली की काय. उनाइसी, एरोनीचं नाव आलं तेव्हा कुणीच उठलं नाही?”

“उठत होते. डबे मी काढून घेतले होते.”

“एरोनीच्या नावाला?” एवढंच म्हणाला तो. रागाने नाही. खरंच समजलं नाही म्हणून.

उनाइसीचा चेहरा मी पाहिला. पाच वर्षं जिच्यासाठी झगडली ती गोष्ट तिला मिळाली होती, आणि मिळाली होती ती रिकामी. तिने वर चकतीकडे बघितलं, सेमिसीकडे बघितलं, आणि कुणाला शिवी द्यावी ते न सुचून स्वतःच्याच मांडीवर थाप मारली. जन्मभर दुसऱ्यांच्या पोरींना पावडर लावत हिंडलेला माणूस, आणि त्याच्या नावाला तिने झडती लावली होती.

तेवढ्यात सेमिसी किल्ल्या वाजवत आला. “नेई, पाच वाजत आले. पाचला बॅडमिंटनवाले आहेत.”

दारात खरंच रॅकेटी घेऊन चार जण उभे होते आणि चटयांकडे कपाळाला आठ्या घालून बघत होते.

“मोमो,” उनाइसी म्हणाली, “बाहेर चला. शेवटचं कडवं पुन्हा म्हणा. बाहेर छत नाही.”

“घसा बसला, पोरी. एक्याऐंशीचा आहे मी. सूर सापडायचा नाही.”

“नाही सापडला तर नाही.”

“सोमवारी म्हणू. तुझ्या घरी.”

“घरी तीनशे माणसं मावत नाहीत.” ती त्याच्या अगदी समोर सरकली. “मोमो, मी भाची म्हणून मागते.”

 कंदावूत भाचीने मामाकडे हक्काने मागितलं, तर मामाला नाही म्हणता येत नाही. होडी मागितली तर होडी, डुक्कर मागितलं तर डुक्कर. उनाइसीने बत्तीस वर्षांत काही मागितलं नव्हतं. म्हाताऱ्याने नुसता हात पुढे केला आणि तिने त्याला उभं केलं.

मग गाड्या लावायच्या जागेवर जो गोंधळ झाला तो विचारू नका. टोपली मध्ये ठेवली तर कुणाला आपला डबा सापडेना. “हा माझा नाही, माझा गुलाबाचा होता!” “अगं, पावडर ती पावडर!” पाद्रीबुवा तर टोपलीत कोपरापर्यंत हात घालून खाजेचाच डबा शोधत होते. निम्म्या मुलींनी हार काढून जाकिटं घातली होती. नळ्या आतच राहिल्या, म्हणून गाणाऱ्यांनी कुणाच्या तरी गाडीच्या टपावर ताल धरला. गाडीवाला ओरडला. वाइसाकेने सूर लावला, तो फुटला. पुन्हा लावला, पुन्हा फुटला. बॅडमिंटनवाल्यांच्या आणखी गाड्या फाटकातून आत येत होत्या आणि जागा नाही म्हणून भोंगे वाजवत होत्या. पहिलं नाव त्या भोंग्यांत बुडालं. दुसरंही बुडालं. सगळ्यांत पुढची गाडी हळूहळू मुलींच्या अंगावर यायला लागली.

उनाइसी वळली. टोपलीतून उचललेला डबा हातात तसाच धरून ती गाडीच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली आणि दुसरा तळहात तिने बॉनेटवर ठेवला. काच खाली झाली. आतल्या माणसाने घड्याळ दाखवलं. म्हणाला, बाई, आमची वेळ सुरू झाली आहे, तुमचा कार्यक्रम संपला ना?

“संपला होता,” ती म्हणाली. “पाच मिनिटं भोंगा वाजवू नका. माझ्या नवऱ्याला पावडर लावायची राहिलीय.”