घंटेची गाय

ये बाई, अशी जवळ बस. उंबरठ्यावर अर्धी आत अर्धी बाहेर काय उभी राहतेस, पाव्हणी आहेस का? अन् तो फोन ठेव बाजूला. समुद्राकाठच्या शहरात राहायला गेलीस आणि तिथून मला विचारतेस, आजी, यंदा तुमच्याकडं कोणाची हवा आहे? हवा समुद्रावर असते बाई. सरकारही तिकडंच बसतं. आमच्याकडं राजकारण आखरावर यायचं, ढोरांच्या पायांनी.

आखर म्हणजे काय हेही तुला सांगावं लागेल. गावाबाहेर मोहाच्या मोठ्या झाडाखालची मोकळी जागा. सकाळी घरोघरची ढोरं सोडली की आपल्या पायांनी तिथं जमायची. मग गायकी, म्हणजे गावाचा गुराखी, सगळी एका कळपात हाकून नाल्यापलीकडं जंगलात चारायला न्यायचा. पाटलाची गाय आणि मजुराची गाय, कळप एकच.

ही गोष्ट जिल्हा तुटून दोन झाले, त्याच्या आगंमागंची. मी लग्न होऊन पोंभुर्ण्याकडच्या या गावात आले त्याला थोडीच वर्षं झाली होती. आमचा मोहल्ला बौद्धांचा. मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, तरुणपणी दीक्षा घेतली तेव्हाच मेलेलं ढोर ओढायचं सोडलं होतं. गाव रुसलं, मग हळूहळू बोलायलाही लागलं. ग्रामपंचायतीत आमच्यासाठी एक जागा राखीव होती, पण तिच्यावर बसायचा माणूस सरपंच, म्हणजे गावचे पाटीलच, ठरवायचे. ते दरवेळी असाच माणूस शोधायचे की ज्याला मान हलवण्याशिवाय दुसरं काही येत नाही. त्या वर्षी मामाजींनी न विचारता आपला फॉर्म भरला. आमच्या मोहल्ल्याची विहीर उन्हाळ्यात आटायची, आणि ती खोल करा म्हणून सांगायला पंचायतीत कोणी नव्हतं. एवढंच कारण.

सरपंच घरी आले नाहीत, भांडले नाहीत. एका सकाळी आमची ढोरं आखरावर गेली आणि तशीच परत आली. गायकी म्हातारा त्यांच्या मागं आला, खाली मान घालून म्हणाला की मोहल्ल्याची ढोरं घ्यायची नाहीत असा हुकूम आहे. फॉर्म मागं घेतला की घेईन.

तुला वाटेल, आपणच न्यायची चारायला. कुठं न्यायची? धान पोटरीवर, लोंब्या फुटायच्या बेतात आलेलं, सगळीकडं भाताच्या बांध्याच बांध्या. ढोराचं तोंड लागलं तर भांडण ठरलेलं. जंगलात न्यावी तर जंगलखात्याचा गार्ड फक्त गावच्या कळपाला सोडायचा, एकटंदुकटं ढोर दिसलं की कोंडवाड्यात. अन् नाल्याच्या रेतीत वाघाचे पंजे उमटलेले आम्ही बायांनीच पाहिले होते. मग रस्त्याकडेचं गवत कापून आणायचो. दुसऱ्यांच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, विळा लावला की लगेच हाक यायची, कोण आहे गा तिकडं? मोहल्ल्यात कोणी कोणाशी सरळ बोलत नव्हतं. शेजारची काकू आमच्या अंगणाकडं तोंड करून आपल्या बैलालाच म्हणायची, खा बाबा वाळका पेंढा, आपल्याले आता पुढारी मिळाला. ते मामाजी ऐकायचे आणि बिडी विझवून टाकायचे.

आमची तांबडी गाय तेव्हा गाभण, दिवस भरत आलेले. तिच्या बरगड्या दिसायला लागल्या. मी टोपलं पुढं ठेवलं की ती हुंगायची आणि नाल्याच्या दिशेनं तोंड करून उभी राहायची. मामाजी तिच्याकडं बघायचे, मग आभाळाकडं. मला कळत होतं. फॉर्म मागं घ्यायचा दिवस जवळ येत होता आणि ते आतून हलले होते.

आता गाव काय विसरलं ते ऐक. कळपाला एक म्होरकी असते, तिच्या गळ्यात लाकडी घंटा. ती नाल्यात उतरली की बाकीची उतरतात, ती वळली की वळतात. अशी गाय गायकी निवडतो, आणि निवडताना तो गाय बघतो, घर बघत नाही. कितीतरी पावसाळ्यांपासून ती घंटा आमच्या तांबडीच्या गळ्यात होती.

पहिल्या दिवशी कळप नाल्याशी गेला आणि थांबला. पाणी गढूळ होतं, म्होरकी नव्हती. म्हाताऱ्यानं हाकललं, ओरडला, काठी आपटली. ढोरं काठावरच चरून परतली. रोज तेच. शेवटी सरपंचांनी आपल्या पांढऱ्या गाईच्या गळ्यात नवी घंटा बांधायला लावली. ती चांगली ऐटीत निघाली, आणि नाल्याकडं न जाता ओळखीच्या वाटेनं सरळ सरपंचांच्याच बांधीत शिरली. अख्खा कळप तिच्या मागं. तिथून शेजारच्यांच्या बांध्यांत. पोटरीतलं धान उभं चरलं गेलं. त्या दिवशी गावात हसले सगळे, पण ज्यांचं धान गेलं ते हसले नाहीत. ते सरपंचांच्या दारात जाऊन उभे राहिले.

फॉर्म मागं घ्यायचा शेवटचा दिवस दुसऱ्या दिवशी होता. दिवस कलता गायकी म्हातारा आला, सोबत कोतवाल. कोतवालानं निरोप सांगितला की सरपंचांनी तुमच्या तांबडीला सूट दिली आहे. तेवढी एक सोडा उद्यापासून. बाकीच्यांचं मग बघू.

मामाजी खाटेवर बसले होते. अंगणाच्या कुडापलीकडं मोहल्ल्यातले लोक येऊन उभे राहिले, काकूही. मामाजींनी गोठ्याकडं पाहिलं. त्यांचा हात गुडघ्यावरून उठला, आणि मला वाटलं आता हे हो म्हणतात. गाय वाचेल, पण उद्या मोहल्ल्यात यांना कोण तोंड दाखवू देईल?

मी दाराआड होते. सून सासऱ्यांपुढं बोलत नसे. पण पदर डोक्यावर नीट घेतला आणि बाहेर आले.

"एकटी गाय नाई जात, भाऊ. जातीन तं मोहल्ल्याची सारी ढोरं जातीन. नाई तं हे बी खुट्यालेच राहीन."

कोतवाल मामाजींकडं वळला. "काऊन गा, तुमच्या घरी आता सुना बोलतेत काय?"

मामाजी म्हणाले, "बोलली तं बोलली. खोटं काय बोलली?"

गायकी म्हातारा जाताना गोठ्यात शिरला, तांबडीच्या गळ्यातली घंटेची दोरी ढिली झाली होती ती आवळून बांधली, आणि गेला.

सकाळी मोहल्ल्यानं सगळी ढोरं सोडली. शेजारच्या काकूनं सगळ्यांत आधी. आम्ही मागं मागं चाललो. आखरावर सरपंच उभे होते, आणि त्यांच्या पाठीशी ते धान गेलेले शेतकरीही. कोणाच्या हातात काठी आहे ते मी बघत होते. तांबडी कोणाकडं न बघता मोहाखालून पुढं निघाली. घंटा वाजली, आणि कळप तिच्या मागं लागला, आमची ढोरं, त्यांची ढोरं, सगळी मिसळून. धान गेलेल्यांपैकी एक जण सरपंचांना म्हणाला, "जाऊ द्या आता, पाटील." सरपंच हलले नाहीत, पण वाटेतही आले नाहीत. तांबडी नाल्यात उतरली.

फॉर्म मागं घ्यायला मामाजी तालुक्याला गेले नाहीत. दिवसभर आखरावर मोहाला टेकून बसले. कोणी बोलवायला येईल, कोणी धमकवायला येईल, आलं कोणी नाही. वेळ टळून गेली आणि फॉर्म राहिला.

निवडणुकीत ते पडले. खोटं कशाला सांगू? पण तो मान हलवणारा माणूस पहिल्यांदाच घरोघरी मत मागत फिरला, आमच्याही दारात आला, पाणी प्याला. आमच्याच उथळ विहिरीचं होतं, पावसाचं, गढूळ. मामाजींनी त्याला लोटा भरून दिला आणि म्हणाले, पूर्ण पी. पुढच्या उन्हाळ्याआधी विहीर खोल झाली.

तांबडीला कालवड झाली. आई थकल्यावर ती घंटा तिच्या गळ्यात गेली. आता गायकी नाही, आखरावर बस थांबते. घंटा मात्र माझ्याकडं आहे, त्या खुंटीला. वाजवून बघ पाहिजे तर. आज निघालीस तरी धान पोटरीवर यायच्या आत पुन्हा ये, बाई. उशीर नको करू. तो मोह अजून उभा आहे, त्याच्याखालून तुला नाल्यापर्यंत चालवत नेते.